आई बाहेर बसली ते वर्ष

गणपतीच्या आधी आठवडाभर आमच्याकडच्या मेडिकल दुकानात बायकांची गर्दी होते. कुणी तोंड उघडून नाव घेत नाही. नुसतं "ती गोळी द्या" म्हणायचं, की दुकानदार मान खाली घालून कागदात गुंडाळून देतो. पाळी पुढे ढकलायची गोळी. सणात घरातली बाई बाहेर बसली तर मोदक कोण उकडणार, पाहुणे कोण सांभाळणार? पुरुष? ते मुंबईहून आलेले असतात पत्ते कुटायला आणि आरतीत ओरडायला. म्हणून बायका गोळ्या खातात, डॉक्टरला न विचारता. मग कुणाचे पाय सुजतात, कुणाची छाती दुखते, कुणी भाताच्या टोपावरून जावेशी भांडण उकरून काढतं. सणात आमच्या वाडीत होणारी निम्मी भांडणं त्या गोळीची असतात, असं माझं मत आहे आणि ते मी सगळ्यांना सांगत असते. ऐकतंय कोण?

माझ्या आईला ती गोळी कधी लागली नाही, कारण तिला पाळीच येत नव्हती. मला जन्म दिला तेव्हा ती वीस वर्षांची होती. पावसाचे दिवस, पऱ्ह्याला, म्हणजे वाडीखालच्या ओढ्याला, पाणी चढलेलं, गाडी वाडीपर्यंत येईना. बाळंतपण घरातच झालं. इतकं रक्त गेलं की खालच्या गोधड्या पुरून टाकाव्या लागल्या. ती वाचली, मीही वाचले. दूध मात्र थेंबभर आलं नाही. मी शेजारच्या शेळीच्या दुधावर वाढले, म्हणून अशी टकरा मारत फिरते, असं माझी काकी म्हणते. त्या दिवसानंतर आईला पाळी आली नाही ती नाहीच.

विशीतल्या बाईची पाळी बंद झाली, तर तुमच्या मनात काय येईल? दवाखाना. आमच्याकडे देऊळ आलं. काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. काका लवकर गेले आणि तेव्हापासून घर तिच्या हातात आहे. तिने गुरवाकडून देवीला कौल लावून घेतला. बाईला काही आजार आहे का, असं विचारलंच नाही. ही तुझी मर्जी आहे का, असं विचारलं. फूल उजवीकडून पडलं, म्हणजे देवीचा होकार. झालं! विटाळ नसलेल्या बाईला आमच्याकडे चोख म्हणतात. देवीने आमच्या घरातली एक सून कायमची चोख करून ठेवली, ही गोष्ट वाडीभर पसरली.

वाडीची मानाची गौर आमच्या घरात बसते. ती सवाष्णीने आणायची असते: उपाशीपोटी, पऱ्ह्यात बुडी मारून, ओल्या लुगड्यात, सुपात तेरड्याच्या काड्या घेऊन, वाटेत कुणाशी न बोलता. काकी विधवा, तेव्हा मान आईकडे आला. बाकीच्या घरांत दरवर्षी ऐनवेळी बोंब, हिला आली, तिला आली. आमच्या घराला काळजी नाही. पुढे पुढे वाडीतल्या कुणाचीही पूजा असो, देवाचा नैवेद्य असो, निरोप यायचा की तुमच्या धाकट्या सुनेला पाठवा. इतर बायका महिन्यातले चार दिवस कोपऱ्यात का होईना, पाठ टेकत. माझ्या आईला तेवढीही सवड नव्हती.

आणि तिला तर सारखीच पाठ टेकायची असायची. वैशाखात अंगावर शाल. चुलीपुढे बसल्या बसल्या डोळे मिटायचे. आवाज घोगरा, शब्द असे सावकाश येणार की समोरच्याने मधेच उठून जावं. भुवया विरळ झालेल्या, तोंडावर बारीक सुरकुत्या. शाळेत मला न्यायला यायची तेव्हा बाई विचारायच्या, तुझी आजी आली का गं? तेव्हा तिला तिशीही लागली नव्हती. वडील मुंबईत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. शिमग्याला आणि गणपतीला येणार, बाकी फोन. दुसरं मूल झालं नाही. सुरुवातीला ते घरात झोपायचे, मग ओटीवर झोपायला लागले. एकदा दारूच्या नादात मित्रांना म्हणाले, आमची बायको म्हणजे थंड गोळा. मी ऐकलं, आईनेही ऐकलं. ती कुणालाच कधी काही बोलायची नाही, आणि काकी तिचे गोडवे गायची: गुणी हो, वर तोंड करून बोलत नाय, मागत नाय, रुसत नाय. माझं डोकं फिरायचं. अगं बाई, एकदा तरी ओरड कुणावर!

मी पुढे एसटीत कंडक्टर झाले. तोंड होतंच, ते कामाला आलं. गुहागरात खोली घेतली. नोकरीला वर्ष होतंय तोच आईला उलट्या-जुलाबांचं निमित्त झालं आणि ती बेशुद्ध पडली. उचलून रत्नागिरीला नेली. तिथे माझ्याहून थोडीच मोठी असेल अशी एक डॉक्टरीण होती. तिने आईचा हात वर करून काख पाहिली. एक केस नव्हता. मग तिने मला विचारलं, "तुझ्या जन्माच्या वेळी यांना फार रक्त गेलं होतं का? दूध आलं होतं?"

मी चोवीस वर्षांची झाले होते. तोवर हा प्रश्न कुणालाही सुचला नव्हता.

डॉक्टरणीने समजावून सांगितलं ते असं. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. बाकीच्या ग्रंथींना ती हुकूम सोडते: दूध आण, पाळी आण, अंगात ऊब ठेव, संकट आलं तर रक्तदाब सांभाळ. बाळंतपणात रक्त फार गेलं की त्या वाटाण्याला रक्त मिळत नाही आणि तो मरतो. माझ्या आईचा त्या दिवशीच मेला होता. जे काही हार्मोन थोडंथोडकं अंगात उरलं होतं, त्यावर ती इतकी वर्षं रेटत आली. सुरकुत्या, झोप, थंडी, गप्प बसणं, सगळं त्याचंच. तिला चव्वेचाळीस वर्षं झाली होती आणि हाडं सत्तरीतल्या बाईची झाली होती. ऐकता ऐकता मी रडायला लागले. काकी ज्याला गुण म्हणत आली, तो रोग होता हो. आणि त्या रोगाच्या डोक्यावर सूप ठेवून आम्ही दरवर्षी गौर आणत होतो.

तीन गोळ्या सुरू झाल्या. एक थायरॉईडची. दुसरी स्टिरॉईडची, ती एक दिवसही चुकवायची नाही, ताप आला तर दुप्पट घ्यायची, उलटीत पडून गेली तर इंजेक्शन घ्यायचं, आणि म्हणून ती इंजेक्शनची बाटलीही डब्यात ठेवून दिली. तिसरी हाडांसाठी आणि हृदयासाठी, काही वर्षं. तिच्यामुळे महिन्याच्या महिन्याला पाळी येईल, असंही सांगितलं.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत आमच्या वाडीच्या घरात एक नवीन बाई आली. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. आवाज मोकळा झाला. भाकरी मागून घ्यायला लागली. शाल खुंटीला गेली. फोनवर मला म्हणायची, पगार झाला ना, मग माझी साडी कुठाय? एकदा काकीने सरपण आणायला सांगितलं तर म्हणाली, तुमचे पाय मोडलेत का? काकीच्या हातातली पळी तशीच राहिली. वडिलांना फोन करून विचारलं, ओटीवर का झोपता ते एकदा सांगा. त्यांनी फोन ठेवून दिला, आणि आई हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला भीतीच वाटली. चोवीस वर्षं जिला मी आई म्हणत होते ती कोण मग? स्वभाव स्वभाव म्हणतो आपण, आणि तो असा पांढऱ्या गोळीत मावतो? याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मग पाळी आली. आईने मला दुपारी, मी गाडीवर असताना फोन केला, आणि पन्नास माणसांसमोर मला ते ऐकून घ्यावं लागलं. स्वर असा, की लॉटरी लागली. आणि तिने काय करावं? चटई घेतली, मागच्या पडवीत गेली आणि बाहेर बसली! मी म्हटलं, अगं, हे सगळं मोडायच्या गोष्टी करतो आपण, तू मांडतेस कसली? ती म्हणाली, सगळ्या बायका इतकी वर्षं बसल्या, तू झाल्यापासून मी एकदा पण बसले नाय. आता चार दिवस मला कोण चूल पेटवायला सांगतंय ते बघू दे. झोपली, उठली, ताट समोर आलं ते जेवली. दर महिन्याला ती असे दिवस मोजून घ्यायला लागली.

काकी मात्र होरपळत होती. तिची पाळी नुकतीच गेलेली. अंगाची लाही व्हायची, झोप नाही, क्षणात घाम, क्षणात रडू. तिला कुणी डॉक्टर दाखवला नव्हता आणि ती गेलीही नसती. तिला फक्त दिसत होतं की धाकटी मांडी ठोकून पडवीत बसते आणि गणपती जवळ येतोय. गौर आणायच्या वेळी ही बाहेर बसली तर मान पुढच्या घरी जाणार. एकदा गेला की परत येत नाही. वाडीतली चार माणसंही ओटीवर येऊन बोलून गेली.

मी डॉक्टरणीला विचारलं. ती म्हणाली, सोपं आहे. पाळी येते ती तिसरी गोळी दर महिन्याला मधे काही दिवस थांबवतात तेव्हा. गणपतीत थांबवायचीच नाही, सलग घ्यायची. सण झाला की थांबवायची. मी घरी येऊन हे समजावलं, एकदा नाही, चार वेळा. आईने मान हलवली. काकीनेही हलवली. पण काकीचा हिशेब सरळ होता: ज्या गोळीने आली, ती बंद केली की येणार नाही. तुम्ही मला सांगा, अडाणी माणसाला यातलं कुठलं खरं वाटेल? आणि तिन्हींतली नेमकी कुठली, हे कुणाला ओळखता येईना, म्हणून मी ड्युटीवर गेल्यावर काकीने तिन्ही बंद करवल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत. काकी आईच्या पाया पडली होती म्हणे. थोरली जाऊ पाया पडली, तेव्हा आईला नाही म्हणवेना.

चाकरमान्यांच्या जादा गाड्यांमुळे मला सुट्टी मिळाली ती गौरीपूजनाच्या दिवशी. दुपारी वाडीत पोचले. आमच्याकडे त्या दिवशी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. अंगणापर्यंत मटणाचा वास आला होता. ओटीवर वडील आणि त्यांचे सोबती पत्ते खेळत होते. घरात गौर नव्हती. मी विचारलं, आई कुठाय? काकी चुलीवरून मान वर न करता म्हणाली, बाहेर हाय. काल पऱ्ह्यावर जायच्या टायमालाच आली तिला. लपवलंन असतंन तरी चाललं असतं, पण स्वतःच्या तोंडानं सांगितलंन. मान पुढच्या घरी गेला.

मी मागच्या पडवीत गेले. लाकडांच्या ढिगाजवळ आई तरटावर पडली होती. पायाशी कालचं ताट, वर माश्या. काठीने सरकवून ठेवलेलं. उशाशी उलटी वाळलेली. मी हाक मारली, तर डोळे अर्धवट उघडले आणि परत मिटले. अंग गार, घामाने चिप्प. काल दुपारपासून ती अशी आहे, असं कळलं. मी ओरडले, तुम्हाला दिसलं नाही का? वडील दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, हल्ली तोंड फार सुटलंय तिला, वाटलं रुसलीय. म्हणजे बघा. बिचारीला राग यायला लागला, आणि तोच तिच्या मुळावर आला.

मी तिला उचलायला वाकले. वडील म्हणाले, "शिवू नको तिला. मग घरात यायचं नाय तुला." आयुष्यात मी बापाला शिवी दिलेली नव्हती, ती तेव्हा दिली. गोळ्यांचा डबा मागितला. काकीने आणला, आणि माझ्या हातात न देता लांब जमिनीवर ठेवला. डबा भरलेला होता. तेव्हा मला सगळं कळलं. एकटीने आई उचलेना. घरात सात-आठ माणसं उभी होती, माझ्या रक्ताची, आणि एकानेही हात लावला नाही. खालच्या मोहल्ल्यातला टमटमवाला आमच्या दारात पाहुणे उतरवत होता, तो धावत आला. त्याला आमच्या गौरीचा विटाळ नव्हता. त्याने आईचे पाय धरले, मी काखेत हात घातले.

गुहागरच्या दवाखान्यात मी ती इंजेक्शनची बाटली नर्सच्या हातात कोंबली आणि डॉक्टरणीला फोन लावून दिला. इंजेक्शन गेलं, सलाईन लागलं. पण रक्तदाब काही वर येईना. रत्नागिरीला न्या म्हणाले. तवसाळच्या धक्क्यावर अँब्युलन्स आली तर फेरीबोट पलीकडे जयगडला. इकडे मुंबईच्या गाड्यांची रांग. लोकांनी वाट करून दिली, पण बोटच नाही तर वाट घेऊन काय करू? खाडीचं पाणी, पलीकडे ती बोट दिसतेय, तिच्यावर गाड्या चढतायत, एकेक, सावकाश. आईच्या मनगटाला बोट लावून मी बसले होते. नाडी लागायची, हरवायची. मी गौरीला बोलायला लागले, मोठ्याने, ड्रायव्हरसमोर. माहेरपणाला आलीस ना गो? जेवलीस ना भाकरी-मटण? मग माझ्या आईला कशाला नेतेस, तिने तुला इतकी वर्षं डोक्यावर घेतलं. बोट आली तेव्हा मला रडायचंही भान नव्हतं.

आई वाचली. दोन दिवसांनी ओळखायला लागली. डॉक्टरणीने मला बाहेर बोलावून झापझाप झापलं, आणि ते बरोबरच होतं. आत येऊन तिने आईला तिन्ही गोळ्या पुन्हा हातात घेऊन दाखवल्या, ही कशाची, ती कशाची. आईने नीट ऐकून घेतलं. ती गेल्यावर आई मला म्हणाली, तिसरी आता आणू नको.

मी पुष्कळ बोलले. हाडं मोडतील म्हटलं, आत्ताच सत्तरीची झालीत. तिसऱ्या गोळीत काही वाईट नव्हतं, बंद केली हे वाईट झालं म्हटलं. तू हसायला लागली होतीस, भांडायला लागली होतीस, म्हटलं. तर म्हणाली, बाकीच्या दोन घेईन की, भांडेन. वाडी सोड, माझ्या खोलीवर चल, असंही म्हटलं. तर ती म्हणाली, तुझी गाडी रात्रीच्या वस्तीला गेली की? मग तिथे कोण आहे? मी चिडले. म्हटलं, कारण तरी सांग. तिने माझा हात धरला. हातात ताकद आली होती.

"मी हाका मारत होते गो," ती म्हणाली. "त्यांना ऐकायला जात होत्या. काकी दोनदा दारापर्यंत येऊन गेली, पण बाहेर होते ना, म्हणून शिवली नाय. चोख असले तर पडल्यावर उचलतील तरी."

मी चिठ्ठी घेऊन खालच्या मेडिकलमध्ये गेले आणि दोनच गोळ्या घेऊन आले.